प्रबंधातलं चौथं प्रकरण

मद्रास
९ ऑक्टोबर १९८०

ती. बाईस चंद्रभानचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. वसतिगृहात मराठी कोणालाच येत नाही, म्हणून ते मी खोलीत मोठ्यानं वाचलं. शेजारचा मुलगा डोकावून गेला, त्याला वाटलं मी कोणाशी भांडतोय.

तू विचारलंस, इंजिनिअर तर झाला, आता आणखी काय शिकून राह्यला? बाबाही वडनेरला लोकांना नीट सांगू शकत नाहीत, म्हणून लिहितो. इंजिनिअर यंत्र चालवतो. मी शिकतोय ते यंत्र, माल आणि माणसं यांचा मेळ कसा बसवायचा ते. नवं यंत्र कधी घ्यावं, कोणतं घ्यावं, आल्यावर कामाची वाटणी कशी करावी. एम. टेक. होईल, पण हातात पाना नसेल. आमचे प्राध्यापक म्हणतात, हे ज्या कारखान्याला समजणार नाही तो टिकणार नाही.

आता काम सांगतो. शेवटच्या वर्षी एखाद्या चालू कारखान्यात बसून अभ्यास करायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा असतो. इथल्या मुलांचे काका-मामा मोठ्या कंपन्यांत आहेत. माझी ओळख म्हणजे तू. तुझ्या विश्वकमल सूतगिरणीतलं रीलिंग खातं मला मिळेल का? तुम्ही बाया सुताच्या लडी कशा करता, किती वेळ लागतो, कुठे वेळ जातो, एवढंच पाहायचं आहे. खात्यावर देखरेख करणाऱ्या किसनराव जॉबरना विचारून पाहा. मॅनेजर साहेबांना मी वेगळा अर्ज करतो.

भाऊजींना नमस्कार. त्यांचं सायकलचं दुकान कसं चाललंय?

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
२२ ऑक्टोबर १९८०

चि. चंद्रभानले बाईचे आशीर्वाद.

किसनरावले विचारलं. ते हासले. म्हणे, "देवकाबाई, तुमचा भाऊ शिकते मद्रासले अन् परीक्षा देते आमच्या खात्यात?" मॅनेजर सायेब मात्र लगेच हो म्हणाले. एवढ्या लवकर म्हणतीन असं मले वाटलं नोतं.

बायाईचं येगळं हाये. मांगं एक माणूस घड्याळ घेऊन आलता. तो गेला अन् आमची दुपारची सुट्टी कमी झाली. तवापासून घड्याळवाला दिसला का सगळ्या मुक्या होतात. शोभाबाईनं तोंडावर सांगून देल्लं का आमी त्याच्याशी बोलणार नाई. मी म्हटलं, तो घड्याळवाला नोय, माहा भाऊ होय. मंग बायजा बोलली. गिरडाकडली गोंडाची बाई, आमच्यात तिचा हात सगळ्याईत तेज. म्हणे, "देवका, तुहा भाऊ तो आमचा बी भाऊ. येऊ दे त्याले."

तवा येजो. दिवाळीले पह्यले वडनेरले जाजो, आई वाट पाहून राह्यली. मंग इकडं ये. आमच्या घरीच राहजो, लॉजवर जाऊ नको. तुहे भाऊजी म्हणतात का दुकानातली एक सायकल तुह्यासाठी काढून ठेवतो, मिलपर्यंत जायले.

तुही बाई
देवका


मद्रास
१४ जानेवारी १९८१

ती. बाईस नमस्कार.

पोचलो. गाडी हिंगणघाटाहून पुढे निघाली तेव्हा अंधारात वडनेरच्या बाजूला पाहत बसलो होतो. दिसलं काहीच नाही.

तुझ्या घरी राहिलो, तसा मी लहानपणानंतर कुठेच राहिलो नाही. बायांनाही सांग. शोभाबाईंनी शेवटी शेवटी मला आपल्या डब्यातली भाकर दिली, ती मी विसरणार नाही. बायजा मला "घड्याळ" म्हणूनच हाक मारायची, पण सगळ्यांत जास्त तीच बोलली.

इथे एक अडचण उभी राहिली आहे. मी टिपून आणलेल्या वेळा आणि संध्याकाळी टोपल्यांत भरलेल्या लडी यांचा मेळ बसत नाही. कोणी जलद, कोणी सावकाश, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण संध्याकाळी सगळ्यांच्या टोपल्या सारख्याच. माझे मार्गदर्शक म्हणतात, असं होऊच शकत नाही, एक तर तू चुकलास किंवा तुझ्यापासून काही लपवलं गेलं. हे उलगडलं नाही तर प्रबंध पुढे सरकत नाही, बाई. दोन वर्षं पाण्यात जातील.

तुला माहीत असेल तर सांग. हे फक्त पदवीसाठी आहे. प्रबंध इथल्या ग्रंथालयात कपाटात जाईल, त्यानंतर त्याला कोणी हात लावणार नाही.

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
३ फेब्रुवारी १९८१

चि. चंद्रभानले आशीर्वाद.

तुहं पत्र आलं तवापासून लिवू का नको, असं चाललं होतं. तुहे भाऊजी म्हणाले, राहू दे, खात्याची गोष्ट खात्यात राहू दे. पण तुहं साल वाया जाईन ते मले पाहवणार नाई.

विमलाबाईले तू पाह्यलं. कोपऱ्यातल्या मशीनवर बसते, मोठं कुंकू लावते. तिचे हात थरथरतात. सूत तुटलं का तिच्यानं गाठ होत नाई. नवरा अंथरुणावर, घरी दुसरं कमावणारं कोणी नाई. म्हून ज्या दिवशी जिचा हात चालते, ती आपल्या लडी विमलाबाईच्या टोपलीत टाकते. कोणाचं लेकरू बिमार असलं, कोणाले दिवस गेले असले, तवा बी असंच. आमी कधी ठरवलं नाई. मी लागली त्याच्या आधीपासून हे हाये. माहा पोरगा गेला त्या साली माही टोपली महिनाभर दुसऱ्याईनंच भरली.

अन् बायजा मुद्दाम हात आवरते. तिनं मनावर घेतलं तं तिची टोपली दुपारीच भरन. पण मंग वरून विचारतीन, हिले जमते तं तुमाले काऊन नाई? किसनरावले सगळं ठाऊक हाये. ते तिकडं पाहत नाईत.

हे मी तुले भाऊ म्हून सांगितलं. तुह्या डोक्यातला गुंता सुटावा म्हून. कागदावर लिवजो नको.

तुही बाई
देवका


मद्रास
२० जून १९८१

ती. बाईस नमस्कार.

बाई, मी पास झालो. पहिला आलो! बाबांना तार केली आहे, तुला पत्रानं सांगतो कारण तारेत मावणार नाही.

परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ चौथ्या प्रकरणावर बोलण्यात घालवला. तू सांगितलेलं मी त्यात घेतलं. ते घेतल्याशिवाय आकडे जुळतच नव्हते. पण नाव कोणाचंही नाही, शब्दही सौम्य आहेत. एका खात्यातले लोक एकमेकांची तूट कशी भरून काढतात, असं मांडलं. मार्गदर्शक म्हणाले, या प्रकरणात प्रबंधाचा जीव आहे. त्यापुढचं प्रकरण मी बायांना नव्या यंत्रांवर शिकवण्याबद्दल लिहिलं. तेही मला मनापासून लिहावंसं वाटलं.

परवानगी दिल्याबद्दल गिरणीला एक प्रत पाठवावी लागते, तसा इथला नियम आहे. ती पाठवली.

नोकरीचं दोन-तीन ठिकाणी बोलणं चालू आहे. ठरलं की कळवतो. पेढे वाट.

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
५ जुलै १९८१

चि. चंद्रभानले लाख आशीर्वाद.

मी पेढे नेले. खात्यात सगळ्याईले वाटले. बायजा ओरडली, "घड्याळ पास झालं!" किसनरावनं बी दोन घेतले. शोभाबाई म्हणे का आमच्या खात्यावर एवढं मोठं पुस्तक झालं, मंग त्यात आमचा फोटो काऊन नाई?

तुह्या गुरुजीले आमच्या टोपल्याची गोष्ट आवडली, हे मी विमलाबाईले कानात सांगितलं. आधी ती घाबरली. मी म्हटलं, नाव नाई तुमचं, अन् चांगलंच लिवलं हाये. मंग लाजली. म्हणे, "मद्रासले कायची माही गोष्ट सांगता!" दिवसभर हासत होती.

एक विचारायचं हाये. बाहेर बोलणं चालू हाये का मुंबईहून नव्या मशिनी येणार, आपोआप सूत गुंडाळणाऱ्या. रीलिंगच्या जागी बसवणार म्हणतात. दोन माणसं येऊन खातं मोजून गेले. बाया मले विचारतात, तुह्या भावाले ठाऊक असन. तुले काई ठाऊक हाये का?

तुही बाई
देवका


मुंबई
१९ ऑगस्ट १९८१

ती. बाईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण इकडे यायची धावपळ होती. नोकरी लागली. तुला ऐकून आश्चर्य वाटेल, विश्वकमलच्या मुंबई कचेरीतच, नियोजन विभागात. मालकांनी माझा प्रबंध वाचला आणि स्वतः बोलावलं. एवढ्या लहान वयात असं पद कोणाला मिळत नाही, असं इथले लोक म्हणतात.

नव्या यंत्रांबद्दल अजून काही पक्कं नाही. असे विचार वर्षानुवर्षं चालतात. आणि यंत्रं आली तरी ती गिरणीच्या भल्यासाठीच येतील. बायांना उगाच घाबरवू नकोस.

तू तर मुळीच काळजी करू नकोस. तुझ्यावर काही येणार नाही, एवढं मी सांगतो.

आईला इथली साडी पाठवली आहे. तुझ्यासाठीही एक घेतली.

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
११ नोव्हेंबर १९८१

चंद्रभान,

दिवाळी झाली अन् फाटकावर यादी लागली. रीलिंग खात्यातल्या अर्ध्याच्या वर बाया कमी केल्या. विमलाबाईचं नाव सगळ्याईच्या वर. त्याच्याखाली ज्याईले लहान लेकरं हायेत त्या. शोभाबाई हाये, बायजा बी हाये. बायजाचं नाव काऊन, तं म्हणे ती मुद्दाम कमी काम करते.

मुद्दाम कमी काम करते हे मिलले कोणं सांगितलं? खात्याबाहेर हे एकट्या तुलेच ठाऊक होतं.

माहं नाव यादीत नाई. मी वरून खाली वाचलं, मंग खालून वर वाचलं. माह्या मांगं सगळ्या उभ्या होत्या. त्याईनं बी वाचलं. मी वळली तवा वाट देल्ली, जशी पाहुण्याले देतात.

दुसऱ्या दिवशी शोभाबाई माह्या दारात आली. अंदर आली नाई. म्हणे, "देवका, आमी त्याले भाकर देल्ली होती." एवढंच बोलून गेली.

मंग मी किसनरावले धरलं. म्हटलं, खरं सांगा. त्याईनं खाली पाहत सांगितलं का चंद्रभान मांगच्या महिन्यात आलता. मॅनेजर सायेबासंगं यादीवर बसलता. त्यानं एवढंच म्हटलं का माह्या बहिणीले हात नका लावू. बाकीच्याईसाठी तो काई बोलला नाई.

तू इथं वर्ध्याले आलता. मिलच्या गेस्ट हाऊसवर उतरलता. तिथून माहं घर दिसते. संध्याकाळी ओट्यावर बसली असन मी.

हे खोटं असन तं लगेच लिव. मी बायाईले जाऊन दाखवीन.

देवका


मुंबई
२४ नोव्हेंबर १९८१

ती. बाईस नमस्कार.

तुझ्या पत्रानं मन खिन्न झालं. किसनरावांनी अशा गोष्टी बोलायला नको होत्या.

तुला वस्तुस्थिती माहीत असावी म्हणून लिहितो. गिरणी तोट्यात आहे. हातानं होणाऱ्या कामावर इतकी माणसं ठेवली तर काही वर्षांत सगळ्या पाळ्या बंद पडतील, आणि मग फक्त रीलिंगच्या बायाच नाही, सगळेच रस्त्यावर येतील. एक अवयव वाचवण्यासाठी देह गमवायचा का, हा प्रश्न होता. मी निर्णय घेणारा नाही. मी अभ्यास मांडला. बायांना शिकवून नव्या यंत्रांवर घेण्याचं प्रकरणही मी संचालकांपुढे मांडलं. ते म्हणाले, ते पुढे पाहू. यात माझा काय दोष?

आलो तेव्हा तुझ्याकडे येणार होतो. कामातून सवड झाली नाही.

तुझं नाव मी वाचवलं, हे खरं आहे. दुसरा कोणता भाऊ याहून वेगळं वागला असता? तू त्याचाच राग धरावास, हे मला समजत नाही. थोडे दिवस जाऊ दे. लोक विसरतात.

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
१५ फेब्रुवारी १९८२

चंद्रभान,

तुह्या पत्राले उत्तर द्यायचं नाई असं मी ठरवलं होतं. आता एका कामासाठी लिवून राह्यली.

संक्रांतीले मी विमलाबाईकडं गेली. दोन वेळा गेलती, दार उघडलं नोतं. या वेळी तिनं बसवलं, हळदीकुंकू लावाले हात उचलला, पण बोटं माह्या कपाळापर्यंत पोचेनात. मी तिचा हात धरून लावून घेतलं. मंग ती बोलली. "मले तुहा राग नाई, देवका. पण तुमी एवढी सालं माह्या टोपलीत लडी टाकल्या, मी कधी घरात बी सांगितलं नाई. नवऱ्याले बी नाई. तू काऊन सांगितलं?"

माहा भाऊ पास व्हावा म्हून, हे तिच्यासमोर तोंडातून निंघेना.

बायाईनं नागपूरच्या कामगार कोर्टात केस टाकली हाये. बायाईचे वकील अण्णाजी ते पाहून राह्यले. कंपनी म्हणते का आमी शास्त्रानं अभ्यास केला, या बाया कामचुकार निंघाल्या. अण्णाजी म्हणतात, त्या अभ्यासात काय सांगितलं अन् काय लपवलं, हे सांगणारं एकच माणूस हाये, ते तुमी. मी साक्ष देणार हाव. जे होतं ते सांगीन. टोपल्या कशा भरत, तुले ते कोणं सांगितलं अन् काय वचन घेऊन सांगितलं.

हे तुले आधी कळवते, मांगून बोलू नये म्हून. तुले येगळं सांगायचं असन तं ये अन् सांग.

देवका


मुंबई
२७ फेब्रुवारी १९८२

ती. बाई,

साक्ष देऊ नकोस. हात जोडून सांगतो. माझी प्रोबेशनची मुदत अजून संपलेली नाही, नोकरी पक्की व्हायची आहे. लग्नाचंही बोलणं चालू आहे, मुलीचे वडील याच धंद्यातले आहेत. कोर्टात माझं नाव आलं तर सगळं विस्कटेल. आईबाबांचा विचार कर. सख्ख्या भावाविरुद्ध उभी राहिलीस हे वडनेरला कळलं तर त्यांना तोंड दाखवता येईल का?

मी या प्रकरणात कोणाच्याच बाजूनं पडणार नाही, कोर्टातही येणार नाही. तूही पडू नकोस. भाऊजींना सांग, ते तुला समजावतील.

चंद्रभान


बोरगाव मेघे
३० ऑगस्ट १९८२

चंद्रभान,

तू येणार नाई असं लिवलं होतं. नागपूरले कोर्टात मी पोचली तं तू मांगच्या बाकावर बसलेला. पांढरा शर्ट, टाय. खरं सांगते, मले वाटलं तू माह्यासाठी आला. मनात म्हटलं, शेवटी रक्त होय, खरं बोलाले आला. मी तुह्याकडं पाहून हासली बी. तुहे भाऊजी मांगं होते, त्याईनं पाह्यलं.

मी सांगितलं ते तू ऐकलं. जज्ज सायेबानं मले पाणी द्याले लावलं. मी तुह्यावर एक बी खोटा शब्द टाकला नाई. शिकवायचं प्रकरण तू लिवलं होतं, हे बी सांगितलं.

मंग कंपनीच्या वकिलानं तुहं नाव पुकारलं. तवा मले कळलं तू कोणाकडून आला.

त्यानं विचारलं, साक्षीदार देवकाबाईकडून तुम्ही खात्याची माहिती घेतली होती का? तू म्हणाला, "नाही. या बाईंशी माझं कामाबद्दल कधीही बोलणं झालं नाही. सगळं घड्याळ लावून काढलेलं आहे."

या बाईंशी. बोलाले लागला तवापासून तू मले बाईच म्हणते. बाई, मले घे. बाई, मले भूक लागली. त्या दिवशी कोर्टात तुह्या तोंडून निंघालं ते दुसरंच बाई होतं, रस्त्यावरच्या कोणाले बी म्हणतात ते. मले बसाले खुर्ची दिसेना. बायजानं दंडाले धरून बसवलं. ती एवढे महिने माह्याशी बोलली नोती.

अण्णाजीनं बाहेर विचारलं, काई पुरावा हाये? तुहं जानेवारीचं पत्र, टोपल्याचं कोडं विचारलेलं, घरी होतं. मी ते संगं नेलंच नोतं. भावाच्या शब्दासाठी कागद दाखवा लागन, हे माह्या मनात आलं नोतं. तू नाई म्हणशीन, हे बी नोतं आलं.

पुढच्या तारखेले मी ते पत्र घेऊन गेली अन् अण्णाजीच्या हातात देल्लं. रस्ताभर वाटत होतं गाडीतून उतरून जावं. उतरली नाई.

साक्ष देल्ली त्याच हप्त्यात मिलनं मले कामावरून बंद केलं. कारण सांगितलं नाई. हे तुले कळवते, कारण माही नोकरी वाचवल्याचं तू लिवलं होतं.

तुह्या लग्नाची पत्रिका आईकडून दिसली. आमी येणार नाई.

देवका


अहमदाबाद
१६ जानेवारी १९८४

ती. बाईस सा. नमस्कार.

किती दिवसांनी लिहितोय. हे पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आम्हाला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. फोटो पाहून आईनं कळवलं, डोळे अगदी देवकासारखे. मी पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं.

जुनं उगाळायचं नाही असं मी ठरवलं आहे. ते पत्र तू कोर्टात दिलंस, त्यामुळे मला विश्वकमल सोडावी लागली, सासरी खाली पाहावं लागलं. पण मी मनात काही ठेवलेलं नाही. इथे मला बरं चाललं आहे. इथल्या एका संस्थेत आठवड्यातून एकदा शिकवतोही. तीच विद्या. मुलं म्हणतात, सर, तुम्ही गिरणीची उदाहरणं फार जिवंत देता.

बारसं सोमवारी, १३ फेब्रुवारीला ठेवलं आहे. पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि तिला आत्या एकच आहे. तू आली नाहीस तर लोकांना काय सांगू? नावही तूच ठेव, मी हो म्हणेन. भाऊजींसह ये. आईला वडनेरहून आणायची व्यवस्था केली आहे, तुम्ही तिच्याबरोबरच निघा.

तुझा धाकटा भाऊ
चंद्रभान


बोरगाव मेघे
१८ फेब्रुवारी १९८४

चंद्रभान,

तुहं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आई तुह्याकडं आली असन, बारसं झालं असन. मी काऊन आली नाई ते तिनं सांगितलं का नाई, ठाऊक नाई. म्हून मीच सांगते.

कोर्टाचा निकाल बायाईच्या बाजूनं लागला. न विचारता, न कळवता काढलं म्हून कंपनीले त्याईले परत घ्याचा हुकूम झाला. हजर व्हायची तारीख १३ फेब्रुवारी, सोमवारच होता. मी तुह्याकडं नाई आली, फाटकावर गेली.

सगळ्या परतल्या नाईत. काई कापूस वेचाले लागल्या त्या तिकडंच राह्यल्या. दोघीजणी गाव सोडून गेल्या. विमलाबाई मांगच्या पोळ्याच्या आधीच वारली. निकाल तिनं पाह्यला नाई. शेवटी शेवटी तिले घास बी दुसऱ्यानं भरवा लागत होता. मी जात होती.

माहं नाव हुकुमात नाई. हुकूम त्या यादीवरच्या बायाईसाठी हाये, अन् त्या यादीत मी नोती. तूच काढलं होतं. अण्णाजी म्हणतात, तुमची केस येगळी करा लागन, चार-पाच सालं जातीन. मी म्हटलं, राहू द्या. मी आता दुकानातच बसते. पंक्चर काढाले शिकली. हात काळे होतात, पण चालते.

भोंग्याच्या आधी सगळ्या जमल्या. नवी लुगडी नेसून आल्या होत्या. शोभाबाई माह्या अंगावरून गेली, माह्याकडं पाह्यलं नाई. ती आता कधी पाहन असं वाटत नाई. तिचं बराबर हाये. बायजा थांबली. म्हणे, "चाल ना अंदर." मी म्हटलं, मले कोण घेते? ती तशीच माह्याजवळ उभी राह्यली. किसनरावनं आवाज देल्ला, चला चला, भोंगा झाला. मंग ती गेली. चौकीदारानं फाटक लावलं. आतून मशिनीचा आवाज सुरू झाला तोपर्यंत मी उभी होती, मंग दुकानात आली. एक पोरगी शाळेची सायकल घेऊन बसलीच होती, तिचं पंक्चर काढून देल्लं.

तू लिवलं का तुह्या मनात काई नाई. माह्या मनात हाये. ते जाईन असं मी म्हणत नाई अन् जावं म्हून काई करत बी नाई. तुले लोक विचारतीन तं सांग, आत्या आली नाई.

मिलची गोष्ट तू तिथल्या पोराईले सांगते म्हणे. सांगत असशीन तं विमलाबाईचं नाव घेऊन सांग. आता तिचं काई बिघडत नाई.

पोरीले माहा आशीर्वाद.

देवका